तुम्ही विचारलंत म्हणून : साडीच्या फोटोसाठी कोणते अ‍ॅप घ्यावे?

येवल्यात आणि आसपास पैठणी विणणाऱ्या व विकणाऱ्या अनेक घरांचा व्यवहार आता मोबाइलवरच्या फोटोंवर चालतो. अशा काही घरांसाठी मी साड्यांचे फोटो काढून ते सुधारून देते, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : ‘ताई, फोटो एडिट करायला कोणतं अ‍ॅप वापरता? फुकटातलं असेल तर सांगा, नाहीतर स्वस्तातलं.’ विचारणाऱ्यांत घरातून साड्या विकणाऱ्या गृहिणी असतात, वडिलांच्या मागावरचा माल स्वतः विकू पाहणारी मुले असतात, आणि या सगळ्यांच्या हातातला फोनही साधारण किमतीचाच असतो.

थेट उत्तर आधी देते. स्नॅपसीडपासून सुरुवात करावी, त्याच्या जोडीला लाइटरूमची मोफत आवृत्ती ठेवावी, आणि या दोन्हींत आपले नेमके काय अडते हे कळेपर्यंत एक रुपयाही भरू नये.

स्नॅपसीड २०११ साली निक सॉफ्टवेअर या कंपनीने आणले, तेव्हा ते विकत घ्यावे लागत असे. २०१२ मध्ये गूगलने ती कंपनीच घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे अ‍ॅप अँड्रॉइडवर आणून सर्वांसाठी मोफत केले. त्यात जाहिराती नाहीत, जतन केलेल्या फोटोवर कोपऱ्यात कोणाचे नाव उमटत नाही आणि कोणतेही साधन कुलूपबंद ठेवलेले नाही. स्वस्त अ‍ॅपच्या शोधात असलेल्यांनी आधी हे पुरेपूर वापरून पाहावे असे मी आग्रहाने सांगते, कारण पैसे भरून घेतलेल्या कित्येक अ‍ॅपमध्ये याहून अधिक असे फारसे काही मिळत नाही.

परंतु साडीच्या फोटोत खरी परीक्षा अ‍ॅपची नसून रंगाची असते, आणि ती कशी ते राणी रंगाच्या एका पैठणीवरून सांगते. राणी रंगाचे रेशीम खिडकीच्या उजेडात ठेवून मोबाइलने फोटो काढला की डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा रंग जास्त भडक येतो, घडीच्या उंचवट्यावर तर तो एकसलग गुलाबी पट्टा होऊन बसतो आणि त्यातली वीण दिसेनाशी होते. याचे कारण असे की, नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक बिंदूची लाल, हिरवी आणि निळी अशी तीन मूल्ये शून्य ते २५५ या पट्टीवर नोंदलेली असतात. राणी रंगात लाल मूल्य मुळातच वरच्या टोकाजवळ असते आणि हिरवे तळाशी. उजेड थोडा वाढला की लाल २५५ ला जाऊन अडकते; वर आपण सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाढवले की हिरवे शून्यावर जाऊन बसते. धाग्याधाग्यातला फरक नोंदवायला मग जागाच उरत नाही, आणि रेशमाचे कापड प्लास्टिकसारखे दिसू लागते.

म्हणून पहिला उपाय अ‍ॅप उघडण्याआधीचा आहे. फोटो काढताना पडद्यावर जरीच्या काठावर बोट टेकवावे आणि प्रकाश कमी करणारी खूण किंचित खाली ओढावी. फोटो थोडा काळसर आला तरी चालेल, कारण काळसर भागातला तपशील पुढे बराचसा वर काढता येतो, तर जळालेल्या भागात काढण्यासारखे काही उरलेलेच नसते. दुसरे, खिडकीचा उजेड वापरायचा असेल तर खोलीतली ट्यूब बंद करावी. दोन प्रकारचे उजेड एकाच साडीवर पडले की पदर निळसर आणि निऱ्या पिवळसर दिसतात, आणि संपूर्ण फोटोला एकच दुरुस्ती लावून ते दोन्ही एकदम बरोबर करता येत नाहीत.

एवढे झाले की स्नॅपसीडमधला क्रम माझ्या दृष्टीने ठरलेला आहे. फोटोच्या कडेला एक करड्या रंगाचे कार्ड येईल असे पाहावे. ते स्वस्तात मिळते आणि अनेक वर्षे टिकते. साधा पांढरा कागद वेळेला चालतो, पण तो अधिक पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यांमुळे दिवसाच्या उजेडात किंचित निळा भासतो. ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये जाऊन ड्रॉपरचे चिन्ह त्या कार्डावर नेले की साऱ्या फोटोचा रंग सावरतो. त्यानंतर ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणावेत, शॅडोज (काळोखे भाग) किंचित वर घ्यावेत, आणि सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी राणी, लाल किंवा केशरी साडीसाठी ते उलट थोडे कमी करून पाहावे. अनेकजणींना हे पटत नाही. रंग खुलवायचा तर वाढवायला नको का, असे त्या विचारतात. मूळ फोटोत लाल मूल्य पार टोकाला गेलेले नसेल तर सॅच्युरेशन थोडे उतरवताच वीण पुन्हा दिसू लागते, आणि वीण दिसली की रेशीम आपोआप रेशमासारखे दिसते.

जरीसाठी ‘सिलेक्टिव्ह’ हे साधन आहे आणि माझ्या मते स्नॅपसीडमधली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. पदरावरच्या मोरावर बोट टेकवले की तिथे एक बिंदू बसतो. दोन बोटांनी त्याचा घेर लहानमोठा करता येतो, आणि त्या घेरातल्या साधारण त्याच रंगाच्या भागावरच बदल लागू होतो. जरीचा उजेड थोडा कमी आणि ‘स्ट्रक्चर’ (बारीक तपशिलाचा उठाव) थोडे जास्त केले की मोराच्या पिसाऱ्यातली एकेक रेघ सुटी होते, आणि शेजारचे रेशीम जवळपास होते तसेच राहते. बोट वर-खाली फिरवून काय बदलायचे ते निवडायचे आणि आडवे फिरवून किती बदलायचे ते ठरवायचे, एवढे हाताला बसले की काम झपाट्याने होते.

धूपछाव पैठणीबाबत मात्र मी स्पष्टच सांगते की तिथे कोणतेही अ‍ॅप कामाचे नाही. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे ती साडी एका बाजूने हिरवी तर दुसऱ्या बाजूने जांभळी दिसते, आणि तेच तिचे वैभव आहे. तिचे दोन कोनांतून दोन फोटो द्यावेत, शक्यतो छोटा व्हिडिओही द्यावा.

लाइटरूमची गरज नंतर पडते. मोरपंखी आणि वांगी रंग मोबाइल नीट पकडत नाही. मोरपंखी निळ्याकडे झुकतो, वांगी तपकिरीकडे. लाइटरूममध्ये प्रत्येक रंगछटेसाठी वेगळ्या पट्ट्या आहेत, त्यामुळे फक्त निळसर-हिरवा रंग थोडा हलवता येतो आणि लाल काठाला धक्का लागत नाही. एवढे काम मोफत आवृत्तीत होते. त्यासाठी खाते उघडावे लागते, आणि फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल करण्याची मास्किंगची सोय वर्गणीदारांसाठी राखीव आहे. ती उणीव स्नॅपसीडचे ‘सिलेक्टिव्ह’ बऱ्यापैकी भरून काढते, म्हणूनच ही जोडी मी सुचवते.

तयार फिल्टर विक्रीच्या फोटोला लावू नयेत, हे माझे ठाम मत आहे. सणाचा फोटो, मुलांचा फोटो, सहलीचा फोटो यांना हवा तो फिल्टर लावावा, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण ग्राहकाने फोटोतला रंग पाहून आधी पैसे पाठवलेले असतात, आणि घडी उघडल्यावर वेगळा रंग निघाला तर साडी परत येते व विणकराच्या घराचे नाव खराब होते. नको ती वस्तू पुसून टाकणाऱ्या साधनांबाबतही माझा हाच नियम आहे. गूगल फोटोजमधले ‘मॅजिक इरेझर’ २०२१ मध्ये फक्त पिक्सेल फोनसाठी आले होते, २०२४ पासून ते वर्गणी न भरणाऱ्यांनाही मिळते आणि काम उत्तम करते. त्याने भिंतीवरचा खिळा पुसावा, मागे आलेली प्लास्टिकची खुर्ची पुसावी. साडीवरची धाग्याची गाठ किंवा बुट्टीतला किंचित फरक पुसू नये. हातमागाच्या कापडात असे फरक असणारच, आणि ग्राहकाला ते आधी दिसलेले बरे.

सुधारलेला रंग बरोबर आहे की नाही हे ठरवताना स्वतःच्या पडद्याचाही विचार करावा. बऱ्याच फोनमध्ये पडदा मुळातच ‘व्हिविड’ रंगांवर ठेवलेला असतो. तो ‘नॅचरल’वर आणावा, आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल तर ती बंद करून मगच साडी शेजारी धरून फोटो पाहावा. ग्राहकाचा पडदा कसा असेल ते आपल्या हाती नाही, त्यामुळे फोटोखाली रंगाचे नाव शब्दांत लिहिण्याची सवय मी सर्वांना लावते.

कोणी नवे अ‍ॅप सुचवले तर ते पारखण्याची माझी रीत सोपी आहे. पांढरी वस्तू, एक गडद रंग आणि माणसाचा हात एकत्र असलेला एक फोटो मी त्यासाठी राखून ठेवला आहे. तो नव्या अ‍ॅपमध्ये उघडायचा, थोडे बदल करून जतन करायचा आणि मग गॅलरीत त्याचा तपशील पाहायचा. आत जाताना ४००० बाय ३००० बिंदूंचा असलेला फोटो बाहेर येताना १०८० बिंदू रुंदीचा झाला असेल, तर त्या अ‍ॅपने फोटो गुपचूप लहान केला आहे आणि पूर्ण आकारासाठी ते पुढे पैसे मागणार आहे. साधी चार बाय सहा इंचांची चांगली छपाई करायची झाली तरी १२०० बाय १८०० बिंदू लागतात. फोटोवर कोपऱ्यात शिक्का उमटला आहे का, मूळ फोटो जागेवर शाबूत आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

त्याच वेळी अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागते तेही पाहावे. फोटो सुधारणाऱ्या अ‍ॅपला आपल्या फोनमधल्या संपर्कांशी काही देणेघेणे नाही. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर चौदाव्या आवृत्तीपासून निवडक फोटोंपुरतीच परवानगी देता येते. तीच द्यावी, कारण त्याच गॅलरीत आधार कार्डाचा आणि पासबुकाचा फोटोही असतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत ब्यूटीप्लस, मेइतू आणि यूकॅम मेकअपसारखी फोटोची अ‍ॅप होती आणि कागदपत्रांसाठी घरोघरी वापरले जाणारे कॅमस्कॅनरही होते. अ‍ॅप कधीही जाऊ शकते, म्हणून मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो दोन्ही अ‍ॅपबाहेर जतन करावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो सुधारायला घेऊ नये, ही एक सूचना मला वारंवार द्यावी लागते. पाठवताना फोटो लहान आणि दाबलेला होतो, वीण तिथेच हरवते. माझ्याकडे फोटो पाठवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. ग्राहकाला पाठवताना २०२३ पासून मिळालेला ‘एचडी’चा पर्याय पुरेसा होतो.

आता पैशांबद्दल. स्वस्त म्हणवणाऱ्या अ‍ॅपची किंमत अनेकदा आठवड्याची सांगितलेली असते, आणि ती वाचताना लहान वाटते. आठवड्याला ९९ रुपये म्हणजे वर्षाला ५,१४८ रुपये होतात. तीन किंवा सात दिवस मोफत वापरा असे सांगून यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, संमती आधीच घेतली जाते, आणि मुदत संपली की पैसे कापायला सुरुवात होते. अ‍ॅप फोनवरून काढून टाकले तरी वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते, आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेची संमतीही मागे घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते, त्यामुळे तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

पैसे भरायचेच ठरले, तर आधी महिन्याच्या हिशेबाने भरावेत. लग्नसराईच्या आधी नव्या साड्यांचे फोटो एकदम काढायचे असतात आणि मास्किंगसारख्या सोयीने तेव्हा खरोखर वेळ वाचतो. त्या महिन्यापुरती वर्गणी घ्यावी, सगळे फोटो पूर्ण आकारात गॅलरीत उतरवून घ्यावेत, आणि पुढचा हप्ता पडण्याआधी ती रद्द करावी.