पिवळे बटन गुलाब, माहीम: खाऱ्या वाऱ्याला उगाच शिव्या घातल्या

आज चहा ठेवायच्या आधी मोजल्या, सात कुंड्यांत मिळून ४१ कळ्या, त्यातल्या १७ एकट्या तीन नंबरवर. गेल्या मेमध्ये हेच तीन नंबर म्हणजे चार काड्या आणि सहा पानं एवढंच उरलेलं, आई म्हणाली होती टाकून दे आणि त्यात पुदिना लाव.

जागेचं थोडक्यात सांगते. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तिसरा मजला, दक्षिणेची ग्रील. आठ इंची पाच आणि दहा इंची दोन कुंड्या, शिवाय बिल्डिंगखाली कंपाउंडच्या भिंतीला लागून चार बाय सहा फुटांचा तुकडा, तो सोसायटीने "चिखल करायचा नाही" या अटीवर दिलाय. झाडं सगळी एकच, नर्सरीवाले ज्याला काश्मिरी गुलाब म्हणतात त्यातला पिवळा. व्हरायटीचं नाव विचारलं तर "मॅडम, पिवळा" हेच नाव. मी मनातल्या मनात त्याला राइज अँड शाईन म्हणते, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी १९७७ मध्ये आणलेला मिनी, म्हणजे बुटका, छोट्या फुलांचा गुलाब, पण ते आपलं लाडाने, पुरावा शून्य.

दक्षिणेच्या ग्रीलबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मुंबईत साधारण १५ मे ते २७-२८ जुलै सूर्य दुपारी डोक्याच्याही उत्तरेला असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात ना तो मेमध्ये एकदा आणि जुलैअखेर एकदा, त्या दोन्हीच्या मधे माझ्या ग्रीलला सरळ ऊन जवळजवळ नाहीच. आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा तेच ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं. म्हणजे गुलाबाला पाहिजे तेव्हा ऊन भरपूर आणि पावसाळ्यात काळोख, त्यामुळे जूनमध्ये फुलं का नाहीत म्हणून खत ओतत बसायचं नाही, मी दोन वर्षं तेच केलं.

आता मुख्य विषय. दोन वर्षं दर उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायच्या, आधी टोक तपकिरी, मग ते कडेकडेने आत सरकत जायचं आणि पान गळायचं. समुद्राजवळ राहतो, खारा वारा, संपला विषय, असं मीच ठरवून टाकलं. हिरवी नेट लावली, ती फाटली, दुसरी लावली, दुपारचा वारा सुटला की कुंड्या आत घ्यायच्या आणि संध्याकाळी परत बाहेर, कंबर गेली. बरं नीट बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, कारण वाऱ्याने करपलं तर समुद्राकडची बाजू आधी करपते ना, माझं झाड चहूबाजूंनी सारखं करपत होतं आणि तेही खालची जुनी पानं आधी.

मेमध्ये मढहून आत्या आली. तिच्या अंगणात हाच गुलाब, माझ्याकडच्याच काडीचा, समुद्र तर अगदी समोर, आणि झाड कंबरेएवढं झुडूप झालंय. तिने माझी कुंडी उचलली, मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर असतो बघा, तो नखाने खरवडला आणि सरळ जिभेला लावला.

"मीठ आहे गं. पाणी कुठलं घालतेस?"

मी म्हटलं, नळाचं. मग आठवलं की पाणीकपात लागली की आम्ही सगळेच झाडांना दुसऱ्या नळाचं पाणी घालतो, म्हणजे बोरिंगचं, जे फ्लशला येतं. कपात नसली तरी आई तेच घालते, कारण पिण्याचं पाणी झाडांना घालणं तिच्या मनाला पटत नाही, आणि तिचंही खरंय म्हणा.

टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आकडा मोठा तेवढे क्षार जास्त. महापालिकेचं पाणी ६८, बोरिंगचं १९४०. दोनदा मीटर पुसून परत घेतलं, तेच. भातसा-तानसाचं ते पाणी तलावातलं, गोडं, आणि समुद्राकाठच्या बोरिंगमध्ये खारं पाणी आत झिरपतं. गुलाब मिठाला फार नाजूक, कुंडीत तर अजून वाईट, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच साठतं, आज थोडं उद्या थोडं.

त्यावर अजून एक गुन्हा माझा. कोकोपीटची वीट मी भिजवून तशीच मिसळायचे. नारळाचा काथ्या बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे न धुतलेल्या पीटमध्येही मीठ असतं. वीट भिजवून पिळलेलं पहिलं पाणी मोजलं तर ११५०. तीनदा धुतल्यावर कुठे दोनशेच्या खाली आलं. आता धुतल्याशिवाय घेत नाही.

उपाय काय, तर मेमध्ये एसीचं पाणी. बेडरूमच्या एसीच्या पाइपखाली बालदी ठेवली, रात्रीत अर्धी भरते, मीटरवर १४. सात कुंड्यांना पुरतं, फुकट, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छत्रीवर टपटप व्हायचं तेही बंद झालं, त्या माझ्याशी परत बोलायला लागल्या. मग जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या, खालचे ट्रे काढले आणि चार दिवस तशाच भिजू दिल्या. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढी धुलाई आपण बादलीने कधी करणार.

ह्याची किंमत मोजावी लागली, काळे ठिपके. पान सात-आठ तास सलग ओलं राहिलं की ही बुरशी आत शिरते, आणि पिवळ्या गुलाबात हा रोग खानदानी म्हणावा लागेल. बागेतल्या गुलाबात तो गडद पिवळा रंग आणला फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी, पर्शियन यलो या जुन्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून, त्यांचा सोलेइ दोर हा गुलाब १९०० मध्ये बाजारात आला, आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडायची खोडही पुढच्या पिढ्यांत उतरली. माझ्या सातही झाडांची जवळपास सगळी पानं गेली. मुळं मात्र पांढरी, ताजी, एक झाड उपटून बघितलं मुद्दाम. पडलेली पानं रोज उचलायची, कुंडीत ठेवायची नाहीत, आणि पाऊस उघडला की 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लिटरला दोन ग्रॅम, एवढंच केलं.

माती ऑगस्टअखेर बदलली. लाल माती एकच भाग, कारण नर्सरीची लाल माती सुकली की वीट होते, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळ खत, एक भाग जाडी रेती, मूठभर निंबोळी पेंड. रेती बांधकामावरची आणू नका, आणलीत तर आधी धुवून मीटर लावा.

छाटणी दसऱ्यानंतरच्या रविवारी. मिनीला काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजत बसायची गरज नाही, निम्म्याने उडवलं, मेलेल्या काड्या पार हिरवं दिसेपर्यंत. नवव्या दिवशी लाल कोंब. पहिलं फूल अडतिसाव्या दिवशी, तेव्हा ऑक्टोबर हीट सरून गेलेली. फुलाचं सांगायचं तर सकाळी उमलताना हळदीसारखं, दुसऱ्या दिवशी लिंबू, तिसऱ्या दिवशी कडा पांढरट. मेमध्ये हा सगळा प्रवास एका दुपारीत उरकतो, म्हणून उन्हाळ्यातल्या फुलावरून व्हरायटीला नावं ठेवू नये.

मासे धुतलेलं पाणी घालतात बरेच जण, मीही घालते, पण पहिलं धुतलेलं, मीठ-हळद चोळल्यानंतरचं अजिबात नाही. आणि वर दोन इंच माती ओढा, नाहीतर मांजर. चार नंबरची कुंडी तिने दोनदा उकरली, तिसऱ्यांदा वर शिंपले पसरले तेव्हा थांबली. शिंपलेही आधी गोड्या पाण्यात भिजवून ठेवलेले, आता मला सगळीकडे मीठच दिसतं.

वारा अगदीच निर्दोष आहे असं नाही हां. फेब्रुवारीपासून दुपारचा वारा जोर धरतो, पानावर बोट फिरवलं की चिकट खारट लागतं. मी आठवड्यातून दोनदा सकाळी सातला पानं धुते, खालच्या बाजूनेही, त्याने लाल कोळी ही बारीक कीडसुद्धा आटोक्यात राहते. संध्याकाळी नाही धुवायची, रात्रभर ओलं राहिलं की काळे ठिपके परत आलेच.

राहिला खालचा तुकडा. तिथे पाच झाडं, त्यातली दोन गेली. माळीदादा सगळ्या कंपाउंडला पाइपने बोरिंगचंच पाणी मारतात, जास्वंद आणि बोगनवेल खुशाल उभ्या आहेत, त्यांना काय फरक पडतो. मी म्हटलं ह्या पाचांना नको घालू. ते म्हणाले, "ताई, पाइपला कसं कळणार?" मग मी तुकड्याभोवती विटांची एक ओळ लावली आणि जमीन सहा इंच उंच केली, वरून येणारं पाणी तरी आत वाहत येणार नाही. रोज सकाळी ऑफिसला जाताना एसीची बालदी घेऊन तीन मजले उतरते. आता थंडीत एसी बंद आहे, त्यामुळे सध्या नळाचंच पाणी उतरतंय, आईला सांगितलेलं नाही.