जबरी चोरीला शिक्षा कमी झाली, तर सरकारने अपील कुठल्या कलमाखाली करायचं?

कोयता दाखवून दुकान लुटणाऱ्याला तीनच वर्षं? अशी बातमी आली की लोक न्यायाधीशांच्या नावाने बोटं मोडतात. निकालपत्र उघडून पाहिलं तर घोळ पुष्कळदा शिक्षेत नसतो, कलमात असतो. शिक्षावाढीचं अपील दाखल करण्याआधी तेवढं एक नीट वाचावं.

भारतीय न्याय संहितेत जबरी चोरीची शिक्षा कलम ३०९(४) मध्ये आहे (जुन्या भारतीय दंड संहितेत ३९२): कमाल १० वर्षं, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केली असेल तर १४. किमान काहीच नाही. प्राणघातक हत्यार वापरलं की कलम ३११ (जुनं ३९७) लागतं, आणि तिथे किमान ७ वर्षं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला अर्थात जुनीच दंड संहिता.

३११ खाली दोषी धरून ५ वर्षं दिली असतील, तर अपील सोपं. किमान शिक्षेच्या खाली उतरायचा अधिकारच कोर्टाला नाही. खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३७७) राज्य सरकार सरकारी वकिलांना अपिलाचे निर्देश देतं. सत्र न्यायालयाची शिक्षा असेल तर अपील उच्च न्यायालयात, मुदत ६० दिवस. दंडाधिकाऱ्यांची असेल तर सत्र न्यायालयात, ३० दिवस.

खरी चूक होते ती दुसऱ्या प्रकारात. दोषारोप ३११ चा, पण शिक्षा फक्त ३०९(४) खाली. याचा अर्थ आरोपी ३११ मधून सुटला. इथे ४१८ खाली कितीही तावातावाने युक्तिवाद केला तरी प्रश्न एवढाच उरतो की, शाबित झालेल्या गुन्ह्याला ही शिक्षा पुरेशी आहे का. सात वर्षांची अट हवी असेल तर निर्दोषत्वाविरुद्धचं अपील, त्याच संहितेचं कलम ४१९. त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मुदत ९० दिवस. फाइल सरकारी वकिलांच्या अभिप्रायापासून मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागापर्यंत फिरते, त्यामुळे निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. विलंब माफीच्या अर्जात 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच लिहून भागत नाही, तरी लिहिणारे लिहितातच.

तिसरा प्रकार कुणाच्या लक्षात येत नाही. ३०९(४) चा खटला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यांची मर्यादा ३ वर्षं. खालच्या कोर्टाला जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून जास्त अपील कोर्टालाही देता येत नाही. तीन वर्षं आधीच दिली असतील तर अपिलात मागणार काय? उपाय खटल्यातच होता: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६४ खाली प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची विनंती. त्यांना ७ वर्षांपर्यंत शिक्षा देता येते.

३११ का टिकत नाही, याचं उत्तर साक्षीपुराव्यात सापडतं. वार झालाच पाहिजे असं नाही. बळी पडलेल्याला दिसेल असं हत्यार धरून धाक घातला तरी तो 'वापर', हे सर्वोच्च न्यायालयाने फूल कुमार खटल्यात १९७५ सालीच सांगितलं. पण हे कलम फक्त ज्याच्या हाती हत्यार होतं त्यालाच लागतं, साथीदारांना नाही. फिर्यादीत 'आरोपींनी चाकू दाखवला' असं मोघम लिहिलं आणि कोर्टात कुणाच्या हातात चाकू होता हे साक्षीदाराने सांगितलं नाही, की ३११ गेलं. पंचनाम्यात पात्याची लांबी नसेल तर 'प्राणघातक' या शब्दावरही बचाव पक्ष बोट ठेवतो.

शिक्षेच्या मुद्द्यावरच्या सुनावणीत 'कडक शिक्षा व्हावी' एवढंच बोलून खाली बसणं हाही जुना रोग. आधीच्या शिक्षा असतील तर त्या निकालांच्या प्रमाणित प्रती हव्यात. न्याय संहितेच्या कलम १३ खाली वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा दोषारोपातही हवी. प्रलंबित गुन्ह्यांची यादी म्हणजे पूर्वीची शिक्षा नव्हे.

अपील करताना एक जोखीमही असते. ४१८ च्या नोटिशीला उत्तर देताना आरोपी थेट निर्दोष मुक्तता किंवा शिक्षेत कपात मागू शकतो. ओळख परेड डळमळीत असेल तर शिक्षा वाढवायला गेलेलं सरकार असलेली शिक्षाही घालवून बसतं. अशा वेळी अपील न करणंच शहाणपणाचं.

लुटल्या गेलेल्या माणसाला स्वतःहून शिक्षावाढीचं अपील करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ ने पीडिताला दिलेला अपिलाचा अधिकार निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरणं किंवा अपुरी भरपाई, यांपुरताच आहे. म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रकारात त्याला अपील आहे. शिक्षेचाच प्रश्न असेल तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल तपासून पाहावा असा अर्ज), ९० दिवसांत.