उजनीच्या गाळात रुतलेल्या तीन गाड्या

ताम्हिणी आणि वेल्ह्याच्या बाजूला चार-पाच पावसाळे तांबड्या चिखलात गाडी चालवल्यामुळे चिखल आपल्याला कळतो, असा माझा समज होता. २०२४ च्या मे महिन्यात, अंगाची लाही लाही करणाऱ्या उन्हात आणि आभाळात ढगाचा पत्ता नसताना, उजनीच्या जलाशयात आमच्या तिन्ही मोटारसायकली एकापाठोपाठ एक रुतल्या आणि हा समज तिथेच गळून पडला.

भीमेवरच्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठ्यात मोडतो, त्यामुळे उपयुक्त पाणी संपले तरी धरणात बरेच पाणी उरते आणि सोलापूरकडचे लोक ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. त्या वर्षी उन्हाळा लागण्यापूर्वीच ती मायनसमध्ये गेली होती. धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावातले पळसनाथाचे मंदिर उघडे पडले होते आणि ते पाहण्यासाठी पुणे-सोलापूर महामार्गावरून पुष्कळ लोक आत उतरत होते. आम्ही तिघेही पहाटे पुण्याहून निघालो ते याच मंदिरासाठी. मात्र सगळे जातात त्या मळलेल्या वाटेने जायचे, तर दोन एक्सपल्स आणि एक हिमालयन अशा खडबडीत वाटांसाठीच्या मोटारसायकली घेऊन येण्यात काय अर्थ, असा विचार आमच्यापैकी एकाने बोलून दाखवला. तो एक म्हणजे मीच. पाण्याच्या कडेकडेने, उघड्या पडलेल्या तळावरून मंदिर गाठायचे ठरले.

सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर फार सुखाचे गेले. जमीन टणक होती, तिला हातभर लांबीच्या भेगा पडलेल्या होत्या आणि त्यांवरून जाताना चाकाखाली फरशी असल्यासारखा खडखड आवाज येत होता. पुढे भेगा बारीक होत गेल्या, मातीचा रंग पांढुरक्या राखाडीवरून गडद झाला, वरचे पापुद्रे कडेने पापडासारखे वळलेले दिसू लागले आणि मधूनमधून लव्हाळ्याचे हिरवे पुंजके आले. या चारही खुणा आम्ही पाहिल्या, पण त्यांचा अर्थ लावला नाही. कारण त्याच भागातून शेळ्यांचा एक कळप नुकताच गेलेला होता आणि त्यांच्या खुरांचे ठसे अगदी उथळ होते. पंचवीस-तीस किलोच्या शेळीला पेलणारी जमीन रिकामीच १५८ किलो भरणाऱ्या एक्सपल्सला, वर बसलेल्या माणसासह, पेलेल असा हिशेब आम्ही कशाच्या जोरावर केला, हे आज सांगता येणार नाही. थोड्याच अंतरावर म्हशींचे ठसेही होते आणि ते चांगले वीतभर खोल होते. ते मला दिसले खरे, पण गाडी रुतल्यानंतर.

वरचा थर फुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पुढचे २१ इंची चाक जड झाल्यासारखे वाटले, मागचे चाक जागीच फिरू लागले आणि मी सवयीने ॲक्सिलरेटर पिळला. तांबड्या चिखलात हे बहुतेक वेळा खपून जाते, कारण तिथे वरचा राडा निघून गेला की खाली मुरूम किंवा दगड लागतो, टायरची नक्षी त्याला धरते आणि गाडी उसळी मारून बाहेर येते. सह्याद्रीतला चिखल घसरवतो, पण त्याला तळ असतो. उजनीतला गाळ म्हणजे भीमा आणि तिच्या उपनद्यांनी चार दशके वाहून आणलेली, बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी माती. तिचे कण अतिशय बारीक असतात, पाणी धरून ती फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ऊन वरचा थर वाळवते, मात्र त्याखालचा लगदा महिनोन्महिने ओला राहतो. तो हलवला, घुसळला की आणखी पातळ होतो, म्हणजे फिरणारे चाक स्वतःखालची जमीन स्वतःच पातळ करत असते. पाच-सहा सेकंदांत इंजिनाखालचा पत्रा गाळावर टेकला. एकदा तो टेकला की गाडीचा भार चाकांवर उरत नाही, मागचे चाक नुसते गरगरते आणि मागे उभ्या असलेल्याच्या छातीवर काळ्या मातीची रांगोळी उमटते.

दुसरी एक्सपल्स माझ्या उजवीकडून वळसा घालून पुढे जायला गेली आणि माझ्यापासून दहा पावलांवर तशीच बसली. हिमालयनवाला मित्र मागे, घट्ट जमिनीवर थांबलेला होता. त्याने तिथेच थांबायला हवे होते, पण दोर बांधून आम्हांला ओढावे या चांगल्या हेतूने तो १९९ किलोची गाडी घेऊन आत आला. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण इतकी शब्दशः मी त्यापूर्वी अनुभवली नव्हती. हिमालयनच्या पुढच्या चाकाला लागून असलेल्या मडगार्डात माती अशी ठासली गेली की रुतण्याच्या आधीच ते चाक फिरायचे थांबले. आमच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून बरेच वर असल्याने ती एक कटकट तरी टळली होती.

पुढचा पाऊण तास आम्ही जे काही केले ते सगळे चुकीचे केले. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण टायरच्या नक्षीच्या खाचाच मातीने बुजल्या होत्या आणि टायरची जागा एका गुळगुळीत काळ्या लाटण्याने घेतली होती. दोघांनी मागून ढकलले आणि एकाने पहिल्या गिअरमध्ये रेस केली, तेव्हा ढकलणारेच गुडघ्यापर्यंत आत गेले. माझा एक बूट आतच राहिला आणि तो हाताने उकरून काढावा लागला. थोड्या वेळाने क्लच जळाल्याचा तो विशिष्ट करपट वास आला. हा वास एकदा घेतलेला माणूस त्यानंतर लगेच इंजिन बंद करतो. आम्ही आणखी दोनदा प्रयत्न करून मगच केले.

काठावर गाळपेरीतला, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला, मका राखणारे एक वयस्कर गृहस्थ हा सगळा प्रकार बराच वेळ शांतपणे पाहत होते. ते खाली आले, चपला काढून हातात घेतल्या आणि एवढेच म्हणाले, “पाव्हणं, ती गुरगुर आधी थांबवा. जेवढी गुरगुर कराल तेवढी खाली जाईल.” त्यांना मी काका म्हणून हाक मारली आणि ट्रॅक्टर मिळेल का, असे विचारले. त्यावर ते हसले. मागच्याच महिन्यात एक ट्रॅक्टर याच पट्ट्यात बसला होता आणि तो काढायला दुसरा आणावा लागला होता, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर जे झाले त्यात ताकद कमी लागली आणि वेळ फार गेला. प्रत्येक गाडी प्रथम बाजूला आडवी पाडली. उभी गाडी वर उचलू गेले की गाळ तिला खालून ओढून धरतो. ती आडवी केली की चाकांच्या कडेने हवा आत शिरते आणि ती पकड सुटते. सुटताना ‘ब्लुप्’ असा, डबक्यात धोंडा पडावा तसा आवाज होतो. चाकाचा जो खड्डा उरला त्यात काकांच्या सांगण्यावरून उसाचे पाचट भरले. आजूबाजूला वेडी बाभूळ हवी तेवढी होती, पण तिच्या काट्यांनी ट्यूबची चाळण झाली असती. इंदापूर तालुक्यात पाचटाला तोटा नाही. काकांच्या बांधावरून आम्ही सात-आठ भारे आणले, शिवाय खताची रिकामी पोती. गाडी उभी करून तिची चाके पाचटावर घेतली, पुढे पोती अंथरली, मासेमारीचा एक नायलॉनचा दोर हँडलला न बांधता शॉकअपच्या खालच्या नळ्यांना बांधला आणि दोघांनी तो ओढला. तिसरा गाडीवर न बसता तिच्या शेजारून चालत, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम बंद पडणार नाही इतक्याच रेसवर क्लच सोडत राहिला. पहिल्या गिअरचा जोर चाक फिरवण्यातच वाया जात होता, तो दुसऱ्यात गेला नाही. हिमालयनचे मडगार्ड ॲलन कीने सोडवून डिकीत टाकले, तेव्हा कुठे तिचे चाक फिरले.

त्या ओल्या पट्ट्यात शिरल्यावर तिसऱ्या मिनिटाला आम्ही रुतलो होतो आणि बाहेर यायला पाच तास लागले. काकांना पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. पाचटाचे मात्र घ्या, असा आग्रह केल्यावर ते घेतले. मंदिर शेवटी आम्ही मळलेल्या वाटेने, चालत जाऊन पाहिले, आणि आमच्या कपड्यांकडे पाहून तिथल्या एका लहान मुलाने आईला विचारले की हे काका मासे पकडतात का.

तांबडा चिखल पाण्याच्या फवाऱ्याने उतरतो. हा काळा चिखल ओला असताना पसरतो आणि सुकल्यावर विटेसारखा होतो. ऑइल कूलरच्या पट्ट्यांमधून तो टूथब्रशने काढला. क्लचप्लेट बदलाव्या लागल्या, मागचे ब्रेकपॅड घासून पत्र्यावर आले होते, आणि चेन तीन वेळा धुऊनही करकरत राहिली. दीड महिन्याने पुढचे स्प्रॉकेट बदलायला गाडी मिस्त्रीकडे नेली, तेव्हा त्याने झाकण उघडून स्क्रूड्रायव्हरने आतून मुठीएवढे एक काळे ढेकूळ ठोकून बाहेर काढले, बाकावर ठेवले आणि यात काही पेरायचे आहे का, असे विचारले. त्या ढेकळात पाचटाची एक काडी अडकलेली होती.