करडईच्या तेलाचं क्रीम: माझा अनुभव

थंडीत आमच्या परभणीकडे नुसतं तेल लावून भागत नाही. अंग तेवढ्यापुरतं तेलकट होतं, कपड्यांना डाग पडतात आणि हात उललेले ते उललेलेच. म्हणून घाण्यावरच्या करडईच्या तेलाचं क्रीम करायचं मनावर घेतलं. तेल-पाण्याचा मेळ बसावा म्हणून इमल्सिफायिंग वॅक्स घातलं. मेळ बसला, पण क्रीम दुधासारखं पातळ, तळहातावरून ओघळणारं. ते दाट व्हावं आणि लावल्यावर मऊ वाटावं यासाठी सीटाइल अल्कोहोल मागवलं.

पुडीत पांढऱ्या, मेणचट चकत्या निघाल्या. बोटांत चोळल्या की गुळगुळीत सरकतात, वास जवळजवळ नाहीच.

मावशीनं पुडीवरचं नाव वाचलं आणि हात मागं घेतला. "मी माळकरी बाई, दारू लावू का टाचंला?"

तिची शंका अगदीच वावगी नव्हती. दारूतलं आणि सॅनिटायझरमधलं इथेनॉल हेही अल्कोहोलच, पण त्याचा रेणू दोन कार्बनचा. ते झटकन उडतं आणि वारंवार लावलं तर त्वचा कोरडी पडते. सीटाइलची साखळी १६ कार्बनची, त्याच्याच जातीच्या स्टिअरिल अल्कोहोलची १८. ही खोबरेल, पामतेलातल्या स्निग्धाम्लांपासून बनवतात. ती उडून जात नाहीत; त्वचेवर पातळ थर धरतात, त्यामुळे आतलं पाणी सावकाश सुकतं. म्हणूनच 'अल्कोहोल फ्री' लिहिलेल्या डब्यातही ती सापडतात. खोबरेलाचं ऐकून मावशी म्हणाली, "मग तसं लिवावं की!"

शेवटी जमलेलं माप वजनानं असं: पाणी ७५ टक्के, तेल १५, वॅक्स ६, सीटाइल ३, प्रिझर्वेटिव्ह १. तेल, वॅक्स आणि चकत्या एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात. दोन्ही गरम पाण्यात ठेवून ७० ते ७५ अंशांपर्यंत आणायची. सीटाइल ४९ अंशांच्या आसपासच वितळतं, तरी तेल काचेसारखं स्वच्छ दिसेपर्यंत थांबावं, नाहीतर क्रीममध्ये कण राहतात. मग एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवायचा आणि कोमट होईपर्यंत ढवळत राहायचं. प्रिझर्वेटिव्ह कोमट झाल्यावर. ते टाळून चालत नाही. घरचं आहे म्हणून बुरशी काही सोडत नाही. गरम असताना क्रीम पातळच दिसतं, खरा दाटपणा रात्रभरात येतो. सीटाइल वाढवलं तर चोळताना पांढरे पट्टे उठतात.

क्वचित कुणाला या अल्कोहोलांचीही ॲलर्जी असते. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, असं मी सगळ्यांना सांगते. मावशीनं ऐकलं आणि डबी उघडून थेट टाचांनाच चोपडलं.