तुम्ही विचारलंत म्हणून: बिलं स्कॅन करून धंद्याला मिळतं काय?

चिपळुणात मी व्यापाऱ्यांचे, बागायतदारांचे आणि लोट्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि कराची कामं बघते. त्यातला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "मॅडम, बिलं फायलीला लावलेली आहेतच. मग तीच परत स्कॅन करून ठेवायचा खटाटोप कशाला? त्यातून धंद्याला मिळतं काय?"

जागा वाचते, असं उत्तर मी देत नाही. कोकणातल्या घरांना माळा असतो आणि माळ्यावर जागाही असते. कागदाचा खर्च वाचतो म्हणावं, तर तो मुळातच किरकोळ. माझं उत्तर वेगळं आहे. तुमचा पैसा कुठे ना कुठे एखाद्या कागदामागे अडकलेला असतो. विम्याचा, गिऱ्हाइकाकडून येणं असलेला किंवा बँकेच्या कर्जाचा. तो कागद समोर यायला जितके दिवस लागतात, तितके दिवस पैसा अडकून राहतो.

२२ जुलै २०२१ चा पूर इथल्या कुणालाही समजावून सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची दुकानं बुडाली. माल गेला हे सगळ्यांनी पाहिलं, पंचनामेही झाले. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की तो विचारतो, पुराच्या आदल्या दिवशी दुकानात नेमका किती माल होता? त्याला खरेदीची बिलं लागतात, विक्रीची लागतात, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, लागतं. आणि ती बिलं त्याच दुकानात, त्याच कपाटात, त्याच चिखलात असतात. ज्यांच्या बिलांची प्रत बाहेर कुठेतरी होती, ते सर्व्हेअरशी मालाच्या किमतीवर बोलू शकले. बाकीच्यांचा वेळ माल होता हेच पटवून देण्यात गेला.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "जीएसटीच्या पोर्टलवर आहेच की सगळं." सगळं नाही. पोर्टलवर आपल्या खरेदीचा जो तक्ता मिळतो, त्या जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादाराचं नाव, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम आणि कर एवढं दिसतं. त्या बिलात पंखे होते की पंप, किती नग, काय दराने, हे तिथे नसतं. ते फक्त बिलावर असतं. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं, आणि त्या मालाची यादीही बिलांवरूनच होते. म्हणजे पुरात बिलं गेली की विम्याचा दावा लंगडा पडतो आणि कराचा हिशेबही अंदाजावर येतो. २००५ च्या २६ जुलैलाही चिपळूण असंच बुडालं होतं. हे पुन्हा होईल असं धरूनच इथे धंदा करावा लागतो.

पूर आला नाही तरी आमची हवा कागदाला सोडत नाही. दमटपणाने पानं एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते, वाळवी लागते. पेट्रोल पंपाच्या आणि वजनकाट्याच्या थर्मल कागदावरच्या पावत्या तर उन्हाळ्यातच कोऱ्या होतात. जीएसटी कायदा मात्र हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगतो. पुराच्या त्या वर्षाचे, म्हणजे २०२१-२२ चे कागद ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत दाखवता आले पाहिजेत. थर्मल पावती इतके पावसाळे काढत नाही.

आता बागायतदारांकडे येते, कारण खरा फायदा मला तिथे दिसला. हापूसच्या पेट्या वाशी मार्केटला जातात आणि दलालाकडून पट्टी येते. किती डझनाची पेटी, काय भाव, भाडं किती, हमाली किती, हातात काय पडलं, सगळं तिच्यावर असतं. हंगाम संपला की पट्ट्यांची चवड सुतळीने बांधून पेटाऱ्यात जाते. त्या पट्ट्या येतील तशा स्कॅन करून तारखेने लावल्या की पाचसहा हंगाम शेजारीशेजारी उघडता येतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुठल्या दलालाने काय भाव दिला, कुणाची वजावट फुगत गेली, अक्षय्य तृतीयेच्या आधी भाव किती चढला आणि नंतर किती उतरला, हे समोर दिसतं. पुढच्या वर्षी कुणाला किती पेट्या द्यायच्या हे मग "त्याचा बाप आपल्या बाबांना ओळखायचा" यावर ठरत नाही. माझ्याकडच्या एका घरात लेकीने हे काम हातात घेतलं आणि दलालाशी बोलायला आता तीच बसते. मला याचा फार आनंद आहे.

निर्यात करायची असेल तर हे टाळताच येत नाही. युरोपला आंबा पाठवायचा तर बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या, मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीत नोंदवावी लागते, आणि कुठलं औषध कधी, किती फवारलं याची नोंद लागते. घाटावरून आलेल्या फवारणीवाल्याच्या वहीत ती असून चालत नाही.

लोट्याच्या मंडळींचं दुखणं वेगळं. मोठ्या कंपनीला माल पोचवला, डिलिव्हरी चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदावर, सही-शिक्का घेतला, आणि ते चलन टेम्पोच्या डॅशबोर्डवर राहिलं. दोन महिन्यांनी बिलाचा तगादा लावला की पलीकडून उत्तर येतं, "माल मिळाल्याचं चलन पाठवा." सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवं. ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. तारखेसह सही असलेलं चलन ड्रायव्हरने गेटवरच फोनने स्कॅन करून पाठवलं की ती मोजणी तिथेच सुरू होते. यासाठी नवा माणूस लागत नाही, मशीनही नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे बहुतेक धंद्यांचं कपाट एका माणसाच्या डोक्यात असतं. मेहताजी, थोरले काका किंवा घरातली आई. कुठला कागद कुठल्या खणात आहे हे त्यांनाच ठाऊक. ते आजारी पडले, मुंबईला मुलाकडे गेले, की धंदा थांबतो. म्हणून मी फाइलच्या नावाबद्दल आग्रही असते. वर्ष, महिना, पार्टीचं नाव, बिल नंबर, याच क्रमाने आणि सगळ्यांनी सारखं. हाताने लिहिलेलं मराठी संगणकाला अजून भरवशाने वाचता येत नाही, त्यामुळे शोध नावावरच चालतो. व्हॉट्सॲपवर पडलेले फोटो म्हणजे कागदपत्रांची व्यवस्था नव्हे. फोन बदलला की ते जाऊ शकतात.

कायद्याची भीती घालणारे भेटतील. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो, जीएसटीचे नियमही देतात, मात्र बॅकअप ठेवा म्हणतात. कोर्टात द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र यांची मूळ प्रत मात्र जपायचीच. स्कॅन केलं म्हणून ती रद्दीत घालू नका.

बॅकअपची हार्ड डिस्क त्याच दुकानाच्या गल्ल्यात ठेवली तर ती बिलांबरोबरच बुडेल. एक प्रत क्लाउडवर, एक पूररेषेच्या बाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. वीज आणि नेटवर्क गेलेल्या दिवसांत क्लाउड उघडत नाही, म्हणून दोन्ही हवं.

"मग माळ्यावरच्या जुन्या गठ्ठ्यांचं काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. त्यांना आत्ता हात लावू नका. त्यांच्यापासून सुरुवात करणारे आठवड्यात कंटाळतात. चालू वर्षाच्या १ एप्रिलपासूनची बिलं घ्या, ती रोज संध्याकाळी करा. सातबारा स्कॅन करायची गरज नाही, डिजिटल सहीचा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतो. परवाने आणि कर्जाचे कागद पावसाच्या आत उरका. विम्याची पॉलिसी मात्र आज दुकान बंद करण्याआधी स्कॅन करा आणि पुण्या-मुंबईतल्या कुणाला तरी पाठवून ठेवा.