पणजोबांचं लग्न: १८९७ की १८९८? (साल सुटलं, माहेर अडलंय)

छापील कुलवृत्तांतात पणजोबांचं लग्न इ. स. १८९७. आत्याच्या हातच्या वंशावळीत १८९७. चुलत घराण्याच्या स्मरणिकेत १८९७. आणि नारायण पेठेतल्या जुन्या पेटीत निघालेल्या शके १८१९ च्या मोडी जमाखर्चाच्या वहीत लग्नाचा खर्च माघात, म्हणजे १८९८ मध्ये.

तीन विरुद्ध एक दिसतं, पण तसं ते नाही. आत्याची वंशावळ ही कुलवृत्तांतासाठी पाठवलेल्या माहितीचीच नक्कल. स्मरणिकेत तर कुलवृत्तांतातल्या छपाईच्या चुकाही जशाच्या तशा उतरल्यात. म्हणजे साक्षीदार एकच, तोही पुष्कळ वर्षांनी बोललेला. वही लिहिणारा मात्र त्याच दिवशी पैसे मोजून देत होता.

१८९७ आलं कुठून, तर शकात सरसकट ७८ मिळवल्यामुळे, असा माझा तर्क. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ ठीक. जानेवारी लागला की फाल्गुनअखेरपर्यंत ७९. माघ शके १८१९ म्हणजे १८९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतच पडतो.

तरी एक शंका होती. वहीची शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे, आणि लग्नाच्या पानावर शक नाही, नुसता ‘माघ शुद्ध’. तिथीचा आकडा वाळवीच्या पोटात. हे पान भलत्याच सालचं असलं तर? मोडी वाचणाऱ्या मित्राने त्याच पानाच्या वरच्या ओळी लावल्या तेव्हा मजा आली: ‘पौष वद्य ३० मंदवार, ग्रहणाचे दान’ (वद्य ३० म्हणजे अमावास्या, मंदवार म्हणजे शनिवार). खाली तांदूळ, तूप, एक धोतरजोडी. त्याखाली लगेच माघ: मांडवाचे बांबू, वाजंत्री, सोनार.

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी भर दुपारी सूर्यग्रहण झालं. खग्रासचा पट्टा कोकणातून वर देशावर गेला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर दुर्बिणी लावून बसले होते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगमवाला जेऊरला. महिना, तिथी, वार आणि ग्रहण चारही जुळल्यावर पान शके १८१९ चंच. शिवण कुणी का घातलेली असेना.

ग्रुपवर एकांनी ‘१८९७ च्या माघात पुण्यात प्लेग होता, लग्न कसं होणार?’ असा मुद्दा काढला होता. निष्कर्ष माझ्या सोयीचा असूनही मी तो धरत नाही. साथ १८९७ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा उसळली होती आणि लोक प्लेगातही लग्नं उरकत होते.

हिंदू लग्नाची सरकारी नोंद तेव्हा सक्तीची नव्हती, त्यामुळे आपल्याला असलेच कागद चाचपावे लागतात. कॅम्पातल्या चर्चची विवाह-रजिस्टरं चाळणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

आता उरलेलं भांडण. कुलवृत्तांतात पणजीचं माहेर वाईचं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत खुद्द पणजोबांच्या सहीखाली माहेर सासवडचं, आणि सासरचं नाव दोन्हीकडे एकच. दुसरेपणाच्या बायकोला पहिलीचंच नाव ठेवल्याची उदाहरणं आमच्याच वंशावळीत आहेत, म्हणून दोन लग्नांची शक्यता मी खोडलेली नाही. जमाखर्चात व्याह्यांकडे पाठवलेल्या माणसाच्या गाडीभाड्याची एक ओळ आहे. गावाचं नाव अजून लागत नाही. त्या ओळीचा फोटो खाली टाकतोय. पहिलं अक्षर ‘वा’ की ‘सा’, ते मोडी जाणणाऱ्यांनी बघून सांगावं.