तांब्याचे नाणे आणि तांब्याचा भाव

सोने-चांदी आवाक्याबाहेर गेली की लोकांची नजर तांब्याकडे वळते. मुलामा दिलेली देवादिकांची नाणी, शिवराज्याभिषेकाची आठवण म्हणून काढलेली पदके, पाव किलोच्या चकचकीत लगडी अशा वस्तू आता गुंतवणूक म्हणून खपवल्या जाऊ लागल्या आहेत. तमिळनाडूत गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान सांभाळणाऱ्या माझ्या चुलतभावाने परवा फोनवर सरळच विचारले, "दादा, चांदी आता घेववत नाही. तांब्याची नाणी घेऊन ठेवू का?" तो विचारतो म्हणजे प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागातली आमची माणसे देशभर सोने-चांदी गाळण्याचेच काम करतात आणि धातूची पारख त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. तरीही माझे उत्तर नकाराचे आहे, आणि त्याची कारणे फोनवर उरकण्याइतकी थोडकी नसल्यामुळे ती इथे लिहितो.

तांबे वजनावर विकले जाते तेव्हा त्याचा भाव आपल्या गावात ठरत नाही, तो लंडनमध्ये ठरतो. १८७७ साली स्थापन झालेल्या लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये तांब्याचा एक सौदा २५ टनांचा असतो आणि तिथला मुख्य भाव तीन महिन्यांनंतरच्या डिलिव्हरीचा मानला जातो. या तीन महिन्यांचे मूळ असे, की चिलीहून तांबे घेऊन निघालेल्या जहाजाला इंग्लंड गाठायला साधारण तेवढा काळ लागत असे, आणि माल समुद्रावर असतानाच व्यापाऱ्याला भाव बांधून हवा असे. सांगलीच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवून ठेवायची आणि पेठेत तिचे सौदे करायचे, हा व्यवहार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. २००५ च्या महापुराने पेवांची दैना केली, पण पुढच्या तारखेचा भाव आज बांधणारा वायदा म्हणजे काय हे सांगलीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आपल्याकडे एमसीएक्सवर, म्हणजे मल्टी कमॉडिटी एक्स्चेंज या वायदेबाजारात, तांब्याचा वायदा अडीच टनांचा असतो आणि माल ठाण्याच्या गोदामातून उचलावा लागतो. सोयीसाठी किलोला ९०० रुपये भाव धरला, तर एकाच सौद्यात साडेबावीस लाखांचे तांबे आले. त्यातही हे तांबे म्हणजे कॅथोड, विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेले, ९९.९९ टक्क्यांच्या घरातले. घरातला हंडा, बंब किंवा ताम्हण विकायला नेले तर मोडीचा भाव मिळतो, आणि मोड व कॅथोड यांच्या भावातले अंतर प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी निराळे असते.

हा भाव स्थिरही नाही. मार्च २०२० मध्ये लंडनला तांबे टनाला ५,००० डॉलरच्या खाली गेले होते आणि मे २०२४ मध्ये ते ११,००० डॉलरच्या वर पोहोचले. बांधकाम, वीज, मोटारगाड्या या सगळ्यांना तांबे लागत असल्याने जगाच्या अर्थव्यवस्थेची नाडी या धातूवरून ओळखता येते, असे बाजारात मानतात. पण नाडी पाहणारा वैद्यही कधीकधी स्वतःच आजारी असतो. सुमितोमो या बड्या जपानी कंपनीचा व्यापारी यासुओ हामानाका याने वर्षानुवर्षे तांब्याचा भाव कृत्रिमरीत्या वर धरून ठेवला होता आणि १९९६ साली ते उघड झाले तेव्हा कंपनीला २६० कोटी डॉलरचा खड्डा पडला होता. एवढ्या मोठ्या पटावर पाव किलोची लगड घेऊन बसणाऱ्याने कोणत्या आशेवर बसावे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

लंडनचा भाव आपल्या दारात येतो तो नाण्याच्या रूपाने नव्हे, मोटरीच्या रूपाने येतो. उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची पाण्यातली मोटर जळाली की ती रिवायंडिंगच्या दुकानात जाते; दुकानदार जळकी तार उपसून काट्यावर टाकतो, तिचे पैसे वजा करतो आणि नव्या तारेचा हिशेब मांडतो. जुनी तार मोडीच्या भावाने जाते आणि नवी तार चढ्या भावाने येते, त्यामुळे भाव वाढला की दोन्ही भावांतला फरक शेतकऱ्याच्या खिशातून निघतो. कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर आत अ‍ॅल्युमिनियमची तार भरली नाही ना, हे पाहून घ्यावे लागते, कारण त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून तांब्याच्या सुमारे ६१ टक्के एवढीच वीज सहज वाहते. शिवारातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फोडून तेल सांडून द्यायचे आणि आतली तार पळवायची, हा चोरांचा उद्योगही याच भावावर चालतो. पुष्कळदा आत अ‍ॅल्युमिनियमच निघते, चोरांची मेहनत वाया जाते आणि गावाला मात्र भर उन्हाळ्यात विजेवाचून बसावे लागते. २०१८ च्या मे महिन्यात तुतिकोरिनचा वर्षाला चार लाख टन क्षमतेचा तांबे शुद्धीकरण कारखाना बंद झाल्यावर आपला देश शुद्ध तांब्याच्या निर्यातदाराचा आयातदार झाला. तेव्हापासून डॉलरचा दरही या हिशेबात अधिकच डोकावतो.

आता नाण्याकडे वळू. नाण्यातले तांबे आणि नाण्याची किंमत यांची फारकत होणे हे फार जुने दुखणे आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने तांब्या-पितळेची नाणी चालवून पाहिली; ठसा नक्कल करायला सोपा आणि धातू स्वस्त, त्यामुळे घराघरांत टांकसाळी निघाल्या आणि शेवटी त्याला ती नाणी खजिन्यातून चांदी देऊन परत घ्यावी लागली. औरंगजेबाच्या काळात उलटे घडले. तांबे इतके दुर्मीळ आणि महाग झाले, की दाम हे सुमारे २० ग्रॅमचे तांब्याचे नाणे १४ ग्रॅमच्या आसपास आणावे लागले. त्याच सतराव्या शतकात डच कंपनी जपानचे तांबे जहाजांनी सुरतेला आणून विकत होती, म्हणजे आपल्याकडच्या पैशाचा धातू तेव्हाही समुद्रापलीकडून येत असे.

१६७४ च्या राज्याभिषेकापासूनची शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे, या पार्श्वभूमीवर पाहावी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. पुढे शाहू महाराजांच्या काळात सातारा राजधानी झाली, पेशवाई आली आणि गेली, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यही खालसा झाले, तरी शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही आठवडी बाजारात चालत होती. ती चालली, कारण तिच्यातले तांबे आणि तिचा भाव यांत फार अंतर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर सरकारनेच वाढवत नेले. १९५७ चा नवा पैसा ब्राँझचा होता, १९६५ पासून एक पैसा अ‍ॅल्युमिनियमचा झाला. मात्र तांबे नाण्यातून पूर्ण गेलेले नाही: दहा रुपयांच्या नाण्याच्या पिवळ्या कड्यात ९२ टक्के तांबे असते आणि वीस रुपयांच्या ८.५४ ग्रॅमच्या नाण्यात, कडे आणि गाभा मिळून, साधारण सहा ग्रॅम. वर धरलेल्या ९०० रुपयांच्याच भावाने ते सुमारे साडेपाच रुपयांचे झाले. कुणाला वितळवण्याचा मोह व्हावा असा हा हिशेब नाही, आणि झालाच तर २०११ च्या नाणे कायद्याने त्यासाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे.

शोभेच्या नाण्यांचे तसे नाही. तिथे तांबे मऊ आहे, त्यावर ठसा स्वच्छ उठतो आणि मुलामा चांगला बसतो, म्हणून वापरतात. एक ग्रॅम सोन्याचा म्हणून मिळणारा पुतळीहार घ्या. पुतळ्या तांब्याच्या किंवा पितळेच्या पातळ पत्र्यातून काढलेल्या असतात आणि वर सोन्याचा थर नावापुरता असतो. तांबे स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू सोन्याच्या थरातून वर झिरपते आणि पुतळी काळवंडते. म्हणून चांगला कारागीर मध्ये निकेलचा थर देतो. तो टाळला की लग्नात झळकलेला हार पुढच्या गौरींपर्यंत गळ्यावर हिरवा डाग उमटवू लागतो. गलाईच्या दुकानात असा हार आला तर भाव विचारायचेही कारण नसते, त्यातून सोने काढण्याचा खर्च सोन्याहून अधिक होतो.

आमच्या धंद्यात तांबे मालकाच्या खुर्चीवर बसत नाही, हमालासारखे राबते. तेजाबात विरघळलेली चांदी परत मिळवायची असेल तेव्हा त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर क्षणात करड्या रंगाची लव चढते, ती जड होऊन बुडाशी राखेसारखी बसू लागते, आणि पाणी आकाशी होत होत गडद निळे होते. पट्टी मात्र बोटाएवढ्या जाडीची कागदाएवढी उरते. चांदी खाली आली तेवढे तांबे पाण्यात गेले. मग त्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबेही परत मिळवतात, कारण भाव चढलेला असताना ते ओतून देणे परवडत नाही. ज्याने हे एकदा पाहिले त्याला तांब्याचे मोल कळते आणि मर्यादाही कळते.

तेव्हा चुलतभावाला मी असे सांगितले: बारा ग्रॅमच्या तांब्याच्या नाण्यात पावणेअकरा रुपयांचे तांबे असते. तेच नाणे डबीत घालून तीनशे रुपयांना विकले, तर उरलेले पैसे ठशाचे, डबीचे आणि दुकानदाराचे झाले, आणि मोडायला गेलास तर यांतले कुणीच तुझ्या बाजूने उभे राहणार नाही. देवघरात कलशाखाली ठेवायला किंवा कुणाला भेट द्यायला नाणे जरूर घ्यावे. त्याला बचत म्हणू नये.

खरी जुनी शिवराई ही वेगळी गोष्ट आहे, पण तिची किंमत तांब्याची नाहीच. गडांच्या पायथ्याशी विकायला असतात त्यांतल्या बहुतेक ओतीव नकला असतात. ठोकून पाडलेल्या नाण्यात ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्यामुळे एखादे अक्षर कडेला कापले जाते, अक्षराची धार नखाला जाणवते. ओतीव नाण्यात अक्षरे लोण्यासारखी मऊ, अंगावर बारीक खड्डे आणि कडेला साच्याची शीव दिसते. हातात खरी आली तर चिंच लावून घासू नये. तो काळपट-हिरवा थर हेच तिचे वय आहे, आणि जाणकार ग्राहक घासलेल्या नाण्याचा भाव निम्म्याहून खाली पाडतो.

शेतात नांगराला गाडगे लागले तर काय करावे, हेही चुलतभावाने विचारलेच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांची ती मर्यादा आजही तशीच असल्याने, वरचा भाव धरला तर बारा ग्रॅमची एकटी शिवराईसुद्धा निव्वळ तांब्याच्या वजनावर ती ओलांडते. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, म्हणून ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही.